तक्त्याखालचा चौदा

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. दर रविवारी फोन होत असताना ही पत्र कशाला लिहायला बसली, असं तुला वाटणारच. पण आपल्या फोनवर तुझा उजवा गुडघा, माझा रक्तदाब आणि लेकीची नवी नोकरी एवढं झालं की "बरं, ठेवते" येतंच. आज जे लिहायचं आहे ते त्यात बसत नाही. शिवाय तू नुसती कानाशी असलीस तरी मी अजून धाकटी होते आणि भलतंच बोलून बसते.

इकडे ठीक. लेक महिन्यातून एकदा येते आणि माझी कपाटं आवरून जाते, त्यामुळे पुढचा आठवडाभर मला काही सापडत नाही. ह्यांना जाऊन येत्या गुरुवारी दीड वर्ष होईल. पुस्तकं विद्यापीठात त्यांच्या विभागाला देऊन टाकली. त्यांचं टेबल मी वापरते, खुर्ची मात्र माझीच आणली; त्यांची मला उंच होते, पाय लोंबकळतात.

जर्नलच्या कार्यालयात अजून आठवड्यातून तीन दिवस जाते. काम तेच, ज्याला तू 'स्वल्पविरामांची हमाली' म्हणतेस. लेख येतो, तज्ज्ञ तो वाचतात, संपादक मान डोलावतो आणि शेवटची संदर्भयादी माझ्या टेबलावर येते. आडनाव आधी, मग आद्याक्षर, कंसात वर्ष, जर्नलचं नाव तिरप्या अक्षरात, खंड ठळक, मग पानं. मजकुरात कंसात जो आकडा, तोच यादीत हवा. माझ्याआधीची बाई एवढंच बघायची. मी दर यादीतले पाचसहा संदर्भ मूळ लेख काढून वाचते, लिहिणारा म्हणतो ते तिथे खरंच आहे का म्हणून. त्यावरून मी नाकाने कांदे सोलते असं पाठीमागे बोललं जातं. बोलोत. लेक म्हणते, "आई, हल्ली एक बटण दाबलं की यादी आपोआप लागते." खरं आहे. मधला एक संदर्भ काढला की पुढचे सगळे आकडे आपसूक सरकतात, मजकुरात, तक्त्यात, चित्राखाली, सगळीकडे. आपल्या वेळी ते हाताने करावं लागे. पण संदर्भाच्या आत काय आहे हे बटणाला कळत नाही.

तर मागच्या आठवड्यात एका मुलीचा लेख आला. तुझाच विषय, दगडांवर ठिपक्याठिपक्यांनी वाढणारी दगडफुलं. एकसष्ट संदर्भ, एकही टिंब चुकलेलं नाही. तेविसाव्यापाशी मी अडखळले. वाक्य असं होतं: "धुराने दगडफूल मरत नाही, त्याची वाढ थांबते, धूर बंद झाल्यावर तिसऱ्या वर्षी ते पुन्हा वाढू लागते." पुढे कंसात तेवीस. आणि तेवीस कोण, तर शिंपल्यांच्या जाडीवर लिहिणारे एक गृहस्थ. मूळ लेख मागवला. अठरा पानं नुसते शिंपले. दगडफुलाचं नावही नाही. मुलीला विचारलं, तर तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, मी तो वाचलेला नाही. सगळे तोच देतात, म्हणून मीही दिला."

मग मी एकेक लेख काढत मागे गेले. बावीस लेख, ताई. बावीस जणांनी त्या बिचाऱ्या शिंपलेवाल्यांना दगडफुलाचं श्रेय दिलं आहे आणि एकानेही त्यांचं पान उघडलेलं नाही. त्या गृहस्थांना स्वतःला काय वाटत असेल कोण जाणे. आणि या सगळ्यांच्या तळाशी सापडला तो ह्यांचा पहिला लेख. तक्ता दोन. त्याच्याखाली बारीक अक्षरात, कंसात चौदा.

ते वाक्य कुणाचं हे तुला सांगायला नको. जुन्या दफनभूमीत स्टीलची पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसलेली तू मला अजून दिसतेस. दगडांवर तारखा कोरलेल्या, म्हणून तिथे मोजायचं, हे तूच शोधून काढलं होतंस. शेजारचा कारखाना बंद पडला आणि तू सुरुवात केलीस. दोन वर्षं एक ठिपकाही हलला नाही. विभागातले सगळे हसले. मी वहीत शून्य, शून्य लिहून कंटाळले होते. तिसऱ्या वर्षी दीड मिलिमीटर आला तेव्हा तू मला तीनदा मोजायला लावलंस.

आता मुद्द्याचं. त्या लेखात तुझ्या प्रबंधाचा संदर्भ अनवधानाने राहून गेला. पुढचे आकडे एकेक वर सरकले आणि तुझ्या जागी शिंपलेवाले येऊन बसले. याची दुरुस्ती आता छापावी असं मी संपादकाला म्हटलं. तो तयार आहे. पण मूळ प्रबंध समोर हवा, पानाच्या क्रमांकासकट. ग्रंथालयातली प्रत विभाग नव्या इमारतीत गेला तेव्हा गहाळ झाली. मी स्वतः जाऊन दोन दिवस शोधून आले. म्हणजे जगात राहिली ती तुझी कार्बन प्रत. ती अजून आहे का? असली तर पाठवशील का? नसली तर मला काही सिद्ध करता येणार नाही आणि शिंपलेवाले कायमचे तिथेच राहतील.

तुला त्रास होणार असेल तर राहू दे. ह्यांच्या मनात तसं काही नव्हतं, एवढंच मला म्हणायचं होतं. बाकी भेटीत बोलू.

गुडघ्याला जप. जिन्याच्या कठड्याला धरून उतर, शिक्षिकेचा तोरा तिथे नको.

तुझी
धाकटी


१७ मार्च

धाकटे,

पत्र मिळालं. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते, म्हणजे तब्येत बरी आहे.

प्रत आहे. कपाटावर, शिवणाच्या डब्यामागे होती. काढायला शेजारणीला स्टुलावर चढवलं. कार्बन फिका झाला आहे, पण आकडे वाचता येतात. तू विचारलेलं वाक्य सत्त्याऐंशीव्या पानावर आहे. याच पार्सलात घातली आहे. काम झालं की परत पाठव असं म्हणणार होते, पण राहू दे तुझ्याकडेच. इथे धुळीशिवाय तिला कोणी वाचत नाही.

आता तू विचारलं नाहीस तेही सांगते. लेख छापून आला तेव्हा मी तो ग्रंथालयात उभ्याउभ्याच वाचला. आधी यादी बघितली. आपण सगळे आधी यादीच बघतो, आपण तिच्यात आहोत का म्हणून. मी नव्हते. मसुद्यात चौदावी मी होते, तुझ्या नवऱ्यानेच मोठ्या कौतुकाने मला दाखवलं होतं. मजकूर दोनदा वाचला, त्यातही नाव नाही. मी पायऱ्या उतरले ती विभागात परत गेलेच नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेत अर्ज टाकला. त्याने कधी विषय काढला नाही. समोर आला की नजर चुकवायचा, आणि त्यातच मला हवं ते उत्तर मिळालं. तुझ्यादेखत मी त्याच्याशी कधी वाईट वागले नाही, पण तो जाईपर्यंत एकतीस वर्षं त्याच्या हातचा पेला घेताना माझी बोटं आखडायची. तुझ्या लक्षात आलं असेल.

पण धाकटे, उतरण्याआधी मी तक्ता दोन बघितला होता. तो तर माझाच तक्ता, नजर जाणारच. खाली चौदा. यादीत मी नाही आणि इथे चौदा! मग मला कळलं. आकडा चुकवणाऱ्यातली तू नव्हेस. माझ्या शाळेच्या वह्यांच्या पानांना क्रमांक घालून द्यायचीस तू, सात वर्षांची असल्यापासून. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, नवऱ्यापुढे तोंड उघडायची सोय नाही, म्हणून तुला जमलं तिथे तू माझी खूण ठेवलीस. कुणाला कळणार नाही, मला मात्र कळेल अशी.

त्या एका आकड्यावर मी तुझ्या लग्नाला आले. लेक झाली तेव्हा आले. आईच्या शेवटच्या दुखण्यात तुझ्याबरोबर एका खोलीत चार महिने काढले, ते त्याच्याच जोरावर. नाहीतर माझा स्वभाव तुला माहीत आहे, एकदा दार लावलं की लावलं.

तेव्हा दुरुस्तीत काय लिहायचं ते तुझं तू ठरव. 'अनवधानाने' लिही, मला चालेल. गेलेल्या माणसाला आता कशाला वर काढायचं. माझ्या वाट्याचं मला केव्हाच मिळालं आहे, बारीक अक्षरात का होईना.

शाळेच्या कुंपणावर दगडफुलाचा एक ठिपका आहे, तो मी दर वर्षी नव्या वर्गाकडून मोजून घ्यायचे. परवा रस्त्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटली, आता तिच्या कडेवर मूल आहे. म्हणाली, "बाई, आमच्या वर्षी तो बावीस मिलिमीटर होता." म्हटलं, वा, काहीतरी शिकवलं म्हणायचं.

गुडघा तसाच. कठडा धरते.

तुझी
ताई


२ एप्रिल

ताई,

पार्सल मिळून बारा दिवस झाले. रविवारी दोनदा तुझा फोन आला, मी उचलला नाही. लेकीला सांगितलं, मावशीला सांग की घसा बसला आहे. घसा चांगला आहे.

तुझं पत्र वाचून मी दुरुस्ती लिहून काढली. चार ओळी, त्यात 'अनवधानाने' हा शब्द, संपादकाने सुचवला होता तसाच. असल्या दुरुस्त्यांत तो शब्द घालायची पद्धतच आहे, छापील पावतीवर 'आभारी आहोत' असतं तशी. त्याने वाचली, म्हणाला, "छान, झालं की." मी दारापर्यंत गेले आणि परत येऊन कागद मागून घेतला. "काय राहिलं?" त्याने विचारलं. म्हटलं, "एक शब्द चुकला आहे."

आता क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा वळसा घालीन.

तो लेख मी टाइप केला होता, तुला माहीत आहे. तो पाठवायच्या सुमाराला ह्यांच्या लक्षात आलं की अप्रकाशित प्रबंध यादीत घालायचा नाही, असा त्या जर्नलचा नियम आहे. नाव द्यायचं तर मजकुरात द्यायचं. हे मला म्हणाले, "चौदा यादीतून काढ, प्रूफं आली की तुझ्या ताईचं नाव सहाव्या पानावर वाक्यातच घालू." मुदत दुसऱ्या दिवशीची होती. मी तुला काढलं आणि पुढच्या चोवीस संदर्भांचे आकडे एकेकाने कमी केले, पंधराचा चौदा, सोळाचा पंधरा. मजकुरातही प्रत्येक कंस शोधून, पांढऱ्या शाईने खोडून, वर नवा आकडा. एक अख्खी दुपार, डोळ्यांत तेल घालून. इथवर कुणाचं काही चुकलेलं नाही.

प्रूफं दोन प्रतींत येत. एक आपल्याजवळ ठेवायची, एक परत पाठवायची. ह्यांनी आपल्या प्रतीवर पेन्सिलीने बारा दुरुस्त्या केल्या. त्या शाईने दुसऱ्या प्रतीवर उतरवायचं काम माझं. अकरा उतरवल्या. कुठे मात्रा उडालेली, कुठे दशांशचिन्ह सरकलेलं. बारावी सहाव्या पानावर होती. समासात त्यांनी लिहिलं होतं, "इथे तुझ्या ताईचं नाव आणि प्रबंध, पूर्ण." 'पूर्ण' खाली रेघ.

ती मी उतरवली नाही.

ओळीत जागा होती, ताई. मी बोटाने मोजली होती.

का, ते सांगते. घरात हुशार तू आणि नीटनेटकी मी. पाहुणे आले की आई तुझी प्रगतिपुस्तकं काढायची आणि मग माझं अक्षर दाखवायची, त्यांना चहा होईपर्यंत काहीतरी बघायला हवं म्हणून. तुझ्याबरोबर दफनभूमीत मी दोन वर्षं शून्यं लिहिली. हा लेख तर सगळा माझ्या बोटांखालून गेला होता, आणि त्यात माझं नाव कुठेच येणार नव्हतं. तुझं येणार होतं. तिथेही तूच. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या पहिल्या लेखात, त्याच्या हाताने, पूर्ण. मला ते नको होतं. यापेक्षा मोठं कारण असावं म्हणून मी खूप शोधलं. सापडलं नाही.

परत पाठवायच्या चिठ्ठीवर ह्यांनी न वाचता सही केली. माझं काम पुन्हा तपासायची त्यांना कधी गरज वाटली नाही. अंक आला तेव्हा घाईने माझ्याकडे आले, "नाव कुठे गेलं?" मी म्हटलं, "जर्नलवाल्यांनी काढलं असेल, त्यांचे नियम." ते संतापले, तिथल्या तिथे पत्र लिहायला बसले. मी म्हटलं, लग्नाची गडबड होऊन जाऊ द्या, मग शांतपणे लिहा. तेवढ्यात तू विभाग सोडलास. मग त्यांना वाटू लागलं की आपण चिठ्ठीवर डोळे झाकून सही केली, हे आपलंच पाप. तुला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटायची. तू ज्याला नजर चुकवणं म्हणतेस ते हेच. तुझा वाढदिवस आला की दर वर्षी म्हणायचे, "ताईंची एक माफी राहिली आहे." आणि मी चहा टाकायला उठायची. शेवटच्या आजारातही एकदा म्हणाले. मी उशी नीट केली.

तुझी बोटं आखडलेली मला दिसायची. दर वेळी दिसायची. तेव्हा मी मूग गिळून बसले.

तुझ्या मनात ते चोर होऊन गेले, ताई, आणि ते मी होऊ दिलं. मागच्या पत्रातसुद्धा मी 'अनवधानाने' लिहिलं आणि वर 'ह्यांच्या मनात तसं नव्हतं' असं लिहून त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. माझ्या मनात काय होतं ते लिहिलं नाही.

आता चौदा. इथवर यायला मला बारा दिवस लागले, ते या पुढच्या ओळींमुळे.

तो मी ठेवलेला नाही. तो राहिला. तेव्हा तक्ते मजकुरात घालत नसत, वेगळ्या कागदांवर टाइप करून लेखाच्या शेवटी जोडत. आकडे सरकवले त्या दुपारी तक्त्यांचा लिफाफा खणात होता आणि त्यातल्या एका कागदाच्या तळाशी एक आकडा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. छापल्यावर दिसला. मी घाबरले, ती तुझ्यासाठी नाही. आपली चूक पकडली जाईल म्हणून. माझ्या उभ्या आयुष्यात सुटलेला आकडा तेवढा एकच. आत्तासारखं बटण तेव्हा असतं तर तोही पुसला गेला असता, आणि मग तू माझ्या लग्नाला आली नसतीस.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे असंच राहू द्यावं. तिच्याजवळ तेवढं आहे, तर राहू दे. माझ्याजवळही राहू दे. पण मग सगळा भार पुन्हा ह्यांच्यावर पडतो आणि आपली बाजू सांगायला ते आता नाहीत. या सगळ्या प्रकरणात अनवधानाने झालेली गोष्ट एवढी एकच, ताई, आणि नेमकी तीच तू माझी माया समजलीस. आईच्या त्या चार महिन्यांत तू पहाटे उठून माझ्या अंगावर पांघरूण घालायचीस. मी जागी असायची. ते कशाच्या जोरावर होतं हे मला आत्ता कळतंय.

दुरुस्ती पुन्हा लिहिली. पाकिटात तिची नक्कल आहे. त्यात म्हटलं आहे की तक्ता दोनमधली सगळी मोजमापं तुझ्या प्रबंधातली आहेत. लेखकाने तसा उल्लेख करण्याची लेखी सूचना प्रूफावर केली होती. प्रूफ उतरवणाऱ्या व्यक्तीने ती जाणूनबुजून वगळली. आणि ती व्यक्ती कोण, तेही नावानिशी लिहिलं आहे. संपादक म्हणाला, "एवढं खोलात जायची काय गरज आहे?" मी म्हटलं, "मी दुसऱ्यांच्या यादीत खोलात जाते ना." त्याने कागद पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाला, "हे छापल्यावर तुमच्या हातात संदर्भ कोण देईल?" मी म्हटलं, कोणी देऊ नयेत. दोन दिवस घेऊन त्याने होकार कळवला. पुढच्या अंकात येईल. या महिन्याअखेर मी काम थांबवते आहे. त्याने जा म्हटलं नाही, पण थांबाही म्हटलं नाही.

लेकीलाही सगळं सांगितलं. ती बाबांच्या त्या उंच खुर्चीत जाऊन बसली, मग उठली आणि कपाट न आवरता गेली.

प्रूफाचं सहावं पान सोबत आहे, ह्यांच्या अक्षरातलं. मी ते माझ्या कागदांत जपून ठेवलं होतं. का ठेवलं, मला सांगता येणार नाही. फाडायला हात झाला नाही एवढं खरं. पेन्सिल पुसट झाली आहे, उजेडात तिरकं धर म्हणजे 'पूर्ण' खालची रेघही दिसेल. हे माझं नाही, तुझं आहे. तुझ्याकडे राहू दे. त्यांची राहिलेली माफी समजून ठेव.

त्या मुलीच्या लेखातले शिंपलेवाले मी काढले. तेविसाव्या जागी आता आपलं माहेरचं आडनाव आहे, मग तुझं आद्याक्षर, वर्ष, प्रबंध, पान सत्त्याऐंशी. अप्रकाशित असलं तरी आता चालतं, तो जुना नियम केव्हाच गेला. तिला म्हटलं, वाचल्याशिवाय देऊ नकोस. तिने कार्यालयात माझ्यासमोर बसून दोन दिवसांत सगळा प्रबंध वाचला, आणि शून्यांच्या पानांपाशी थांबून म्हणाली, "मॅडम, दोन वर्षं काही होत नसताना या मोजत कशा राहिल्या?" तिला तुला भेटायचं आहे. पत्ता दिलेला नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

आता रविवारी मी फोन करणार नाही. तू केलास तर उचलेन. नाही केलास तर का, हे मला विचारावं लागणार नाही. धूर बंद झाल्यावर तिसऱ्या वर्षी काय होतं, ते वाक्य इथे लिहायचा मोह मघापासून होतो आहे. लिहीत नाही. ते तुझं आहे, आणि तुझं काही मी पुन्हा न विचारता घेणार नाही.

खाली सहीच्या वर 'तुझी' हा शब्द नाही. तो राहिलेला नाही, मी सोडला आहे. घालायचा की नाही ते तू ठरव. ओळीत जागा आहे.

 

धाकटी